चुंबक नसलेला पंखा फिरतो कशाने?

प्रश्न असा आला आहे: "मी नुकताच मोटर भरायला, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायला शिकतोय. वीज आणि चुंबक यांचा काहीतरी संबंध आहे एवढं शाळेत ऐकलं होतं, पण डोक्यात बसलेलं नाही. तांबं चुंबकाला चिकटत नाही. सिलिंग फॅन उघडला तर आत चुंबक कुठेच सापडत नाही. मग तो फिरतो कशाने? दुसरं, पंप जाम झाला किंवा व्होल्टेज पडलं की मोटर जळते, ते का? आणि तिसरं, घरातला एक पंखा नुसता घूं करत उभा राहतो, काठीने ढकलला की फिरायला लागतो. हे काय गौडबंगाल?"

प्रश्न चांगले आहेत, कारण तिन्ही प्रत्यक्ष काम करताना पडलेले आहेत. उत्तराचा गाभा आधीच सांगतो: वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, आणि चुंबकत्व बदलू लागलं की वीज तयार होते. न वाहणाऱ्या विजेतून चुंबकत्व निघत नाही, आणि स्थिर चुंबकातून वीज निघत नाही. काहीतरी हललं पाहिजे, वाढलं पाहिजे किंवा कमी झालं पाहिजे. मोटर भरण्याच्या धंद्यात जे जे दिसतं ते बहुतेक सगळं यातूनच येतं.

पहिला भाग १८२० सालचा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला ओर्स्टेड नावाचे प्राध्यापक होते. बॅटरीला जोडलेली तार होकायंत्राजवळ आली की सुई हलते, हे त्यांनी पाहिलं आणि त्याच वर्षी जुलैमध्ये चार पानांचं पत्रक छापून युरोपभर पाठवलं. हा प्रयोग तुम्ही आज संध्याकाळी करू शकता. एक साधं होकायंत्र, एक पेन्सिल सेल आणि हातभर तार. होकायंत्र टेबलावर ठेवा, सुई उत्तर-दक्षिण स्थिर होऊ द्या. तार सुईच्या वरून, सुईला समांतर म्हणजे उत्तर-दक्षिणच धरा आणि सेलच्या दोन टोकांना दोन-तीन सेकंद टेकवा. जास्त वेळ नको, तार आणि सेल दोन्ही तापतात. सुई एका बाजूला झुकेल. सेल उलटा करा, ती दुसऱ्या बाजूला झुकेल. तार सुईच्या वर होती ती खाली घ्या, पुन्हा दिशा उलटेल.

पुष्कळ जण तार सुईला आडवी, म्हणजे पूर्व-पश्चिम धरतात आणि "प्रयोग होत नाही" म्हणतात. तो न होण्यातच खरी माहिती आहे. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तारेच्या दिशेने जात नाही, तारेला गोल वेढे घालतं. तार उत्तर-दक्षिण असेल तर तिच्याखाली ते क्षेत्र पूर्व-पश्चिम असतं, म्हणून सुई वळते. तार पूर्व-पश्चिम धरली तर क्षेत्र उत्तर-दक्षिण येतं, आणि सुई आधीच तिकडे तोंड करून बसलेली असते (दिशा उलटी पडली आणि करंट जोरदार असला तर ती गर्रकन पूर्ण फिरते, तो भाग वेगळा). उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेने धरला की मिटलेली बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात. दहावीला हा नियम पाठ केला असेलच, आता त्याचा उपयोग करा.

किती जोर असतो या क्षेत्रात? तारेतून २ अँपिअर जात असतील आणि सुई २ सेंटिमीटरवर असेल तर क्षेत्र येतं २० मायक्रोटेस्ला. आपल्याकडे पृथ्वीचं आडवं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे एका पेन्सिल सेलवरची तार दोन सेंटिमीटरवर पृथ्वीच्या निम्म्या जोराने सुईला ओढते, आणि सुई पंचवीस-तीस अंशांनी वळते. मोबाइलमध्ये चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, त्याचं ॲप उतरवून घेतलंत तर हे आकडेच डोळ्यांनी दिसतील. घरातल्या २३० व्होल्टच्या तारेवर मात्र हे करू नका. शिवाय तिथे काही दिसणारही नाही. एसीची दिशा सेकंदाला ५० आवर्तनं करत असते, सुई बिचारी कोणत्या बाजूला वळणार?

याच संबंधामुळे मुंबईतली एक वेधशाळा आपल्या महाराष्ट्रातच दुसरीकडे हलवावी लागली. कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घेतली जात होती. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली, ती आजही जगभर अभ्यासली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरलं. ट्राम डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालायची, परतीचा करंट रुळांतून आणि काही अंशी जमिनीतून जायचा. एवढा करंट जवळून वाहू लागल्यावर पृथ्वीच्या क्षेत्रातले बारीक फरक मोजणाऱ्या सुया काय दाखवणार? ट्रामच दाखवणार. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तिथे पोरबंदरचा चुंबकीय नसलेला दगड वापरून आणि लोखंड टाळून इमारत बांधली, १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापं घेऊन आकडे जुळवले आणि मग कुलाब्यातली थांबवली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे.

आता तुमच्या रोजच्या हत्याराकडे या. टाँग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर. तार न कापता, न सोलता तो करंट कसा मोजतो, याचा कधी विचार केलाय? तो तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. जबड्यात एकच वायर घेतली तर आकडा येतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घेतल्या तर शून्य. मीटर बिघडलेला नसतो. एका वायरमधून जेवढा करंट जातो तेवढाच दुसरीतून परत येतो, आणि दोघांची क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. ती पुरती पुसली गेली नाहीत तर समजायचं की करंट तिसऱ्याच वाटेने, कुठेतरी अर्थला किंवा कुणाच्या अंगातून जातोय. घरातला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, याच शून्यावर लक्ष ठेवून असतो.

टाँग टेस्टरची आणखी एक युक्ती मुलांना आवर्जून दाखवतो. करंट फार कमी असेल आणि आकडा धड येत नसेल तर तीच वायर जबड्याभोवती दहा वेढ्यांनी गुंडाळायची. आकडा दहापट येतो, मग दहाने भागायचं. कॉईल म्हणजे हेच. प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र एकाच दिशेने भर घालत जातं. एका तारेचं क्षेत्र किरकोळ असतं, पण दोनशे वेढे दिले की तोच करंट दोनशेपट मोजला जातो. त्यात लोखंड घातलं की गंमत आणखी वाढते. विल्यम स्टर्जन या इंग्रजाने १८२५ च्या सुमारास नालासारख्या वाकवलेल्या लोखंडावर उघड्या तारेचे थोडे वेढे देऊन पहिला विद्युतचुंबक केला. जेमतेम २०० ग्रॅमच्या त्या तुकड्याने ४ किलो वजन उचललं आणि बॅटरी काढताच सोडून दिलं.

लोखंड घातल्याने एवढा फरक का पडतो? कारण लोखंडाच्या आत बारीक चुंबक आधीच असतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक सूक्ष्म चुंबक आहे. बहुतेक पदार्थांत जोड्या जोड्यांनी ते एकमेकांना रद्द करतात. लोखंडात काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे राहतात आणि शेजारपाजारचे सगळे एकाच दिशेला तोंड करून गट करतात. साध्या लोखंडात हे गट वाटेल त्या दिशांना पसरलेले असतात, म्हणून बाहेरून काही जाणवत नाही. कॉईलचं क्षेत्र आलं की ते रांगेत येतात आणि स्वतःचा जोर त्यात मिसळतात, शेकडो-हजारोपट. करंट बंद झाला की मऊ लोखंडातले गट पुन्हा विस्कटतात. कायमच्या चुंबकात ते विस्कटत नाहीत, एवढाच फरक. ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं तर लोखंड चुंबकाला ओढलंही जात नाही. तांब्यात बिनजोडीचा हा प्रकारच नाही, म्हणून तांबं चिकटत नाही.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. पंख्यात चुंबक नाही असं नाही. वीज चालू असेपर्यंत तो असतो, तुम्ही उघडून पाहता तेव्हा वीज बंद असते.

उरलेलं अर्धं उत्तर जोराचं आहे. तारेने सुईला ढकललं तर सुईनेही तारेला ढकललं पाहिजे. ओर्स्टेडची बातमी पॅरिसला पोहोचल्यावर अँपिअर यांनी त्याच सप्टेंबरात दाखवलं की चुंबकाचीही गरज नाही. शेजारी शेजारी दोन तारांतून एकाच दिशेने करंट गेला तर त्या एकमेकींना ओढतात, विरुद्ध दिशेने गेला तर ढकलतात. तांबं चुंबकाला चिकटत नाही, पण तांब्यातून वाहणाऱ्या करंटवर चुंबकीय क्षेत्राचा जोर बसतो, आणि तो करंटलाही आडवा आणि क्षेत्रालाही आडवा. मोटरमध्ये शाफ्ट फिरवणारा जोर हाच.

या जोराला किरकोळ समजू नका. मोठ्या पॅनेलमध्ये दोन बसबार (करंट नेणाऱ्या जाड पट्ट्या) १० सेंटिमीटरवर असतील आणि शॉर्ट सर्किटमध्ये क्षणभर ५० हजार अँपिअर गेले तर दर मीटरला सुमारे ५०० किलो वजनाएवढा जोर येतो. बसबारचे सपोर्ट एवढे दणकट का असतात हे त्यावरून कळेल. तुमच्या टेबलावर हाच जोर लहान प्रमाणात असतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाच्या, बाहेर आलेल्या कॉईलच्या टोकांना दोऱ्याने घट्ट बांधून वॉर्निश का करतात? नुसतं इन्सुलेशनसाठी नाही. दर वेळी मोटर चालू होताना त्या तारा एकमेकींना हिसके देतात, चालू असताना सेकंदाला १०० वेळा थरथरतात. दोरा ढिला राहिला तर तार तारेवर घासते, तिच्यावरचं एनॅमल म्हणजे इन्सुलेशनचा पातळ थर जातो आणि काही महिन्यांत तीच मोटर शॉर्ट होऊन परत येते. मग गिऱ्हाईक म्हणतं, तार हलकी वापरली. तार चांगली असते, बांधणी ढिली असते.

आता उलट बाजू. विजेतून चुंबकत्व निघतं तर चुंबकत्वातून वीज का निघू नये? हा प्रश्न १८२० नंतर अनेकांनी विचारला आणि उत्तर मिळायला अकरा वर्षं लागली, कारण सगळे चुंबक तारेजवळ ठेवून वाट बघत बसले होते. लंडनला मायकेल फॅरडे यांनी २९ ऑगस्ट १८३१ रोजी सहा इंच व्यासाच्या लोखंडी कड्यावर दोन वेगवेगळ्या कॉईल गुंडाळल्या. आजच्यासारखी एनॅमलची तार तेव्हा नव्हती. वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड घालून त्यांनी इन्सुलेशन केलं. मोटर भरणाऱ्या माणसाला त्या कामाची कल्पना लगेच येईल. एका कॉईलला बॅटरी, दुसरीला करंट दाखवणारी सुई. बॅटरी जोडली तेव्हा सुईने झटका घेतला आणि ती शून्यावर परत आली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही नाही. बॅटरी काढली तेव्हा पुन्हा झटका, पण उलट दिशेने.

जगातला पहिला ट्रान्सफॉर्मर तो. गावातली डीपी आणि तुमच्या चार्जरमधला ट्रान्सफॉर्मर त्याच कड्याचे वंशज. आणि त्या झटक्यात सगळं सार आहे: चुंबकीय क्षेत्र किती आहे याला महत्त्व नाही, ते किती वेगाने बदलतंय याला आहे. दीड महिन्याने त्यांनी नुसता चुंबक कॉईलच्या आतबाहेर करूनही वीज मिळवली. आज कोयनेपासून चंद्रपूरपर्यंत पाण्यावर, वाफेवर जे काही जनित्र फिरतं, ते हेच करतं.

डीसीवर ट्रान्सफॉर्मर का चालत नाही हे आता सांगायला नको, पण तो नुसता गप्प बसत नाही, जळतो, ते मात्र नीट समजून घ्या. एखाद्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा, म्हणजे ज्या कॉईलला वीज जोडतात तिचा, रोध मल्टिमीटरवर समजा ४० ओहम आला. साध्या हिशोबाने २३० व्होल्टवर पावणेसहा अँपिअर जायला हवेत. प्रत्यक्षात एसीवर रिकामा असताना तो १०० मिलिअँपिअरही घेत नाही. बाकीच्या करंटला अडवतं कोण? कॉईल स्वतःच. करंट बदलतो, म्हणून क्षेत्र बदलतं, म्हणून त्याच कॉईलमध्ये उलट व्होल्टेज तयार होतं आणि ते जवळजवळ २३० व्होल्टएवढंच असतं. डीसीत बदल नाही, उलट व्होल्टेज नाही, अडवायला फक्त ४० ओहमचं तांबं. पाच मिनिटांत वास येतो. सोलर पॅनेलची डीसी थेट एसीच्या पंपाला देऊन पाहणारे महाभाग अधूनमधून भेटतात, त्यांची मोटर टेबलावर येते ती याच कारणाने.

"उलट" हा शब्द इथे फार कामाचा आहे. चुंबकत्व बदलल्याने जी वीज निर्माण होते, ती नेहमी त्या बदलाला विरोध करते. रशियात काम करणाऱ्या लेंझ यांनी १८३४ मध्ये हा नियम मांडला. हाताने अनुभवायचा असेल तर एअर कंडिशनर बसवणाऱ्याकडून अर्ध्या इंची तांब्याच्या नळीचा मीटरभर तुकडा मागून घ्या आणि तिच्यात सैल बसेल असा १० मिलिमीटर व्यासाचा निओडिमियम चुंबक वरून सोडा. तांब्याला चुंबक चिकटत नाही हे तुम्ही आधी खात्री करून घेतलेलंच आहे. एरवी मीटरभर पडायला अर्धा सेकंदही लागत नाही, इथे तो रेंगाळत, तरंगल्यासारखा उतरतो. पडणाऱ्या चुंबकामुळे नळीत गोल गोल करंट फिरतात आणि तेच त्याला वर धरू पाहतात. दुसरा अनुभव म्हणजे चुंबक असलेली कोणतीही छोटी डीसी मोटर घ्या, शाफ्ट हाताने फिरवा, सहज फिरेल. मग तिच्या दोन वायरी एकत्र पिळा आणि पुन्हा फिरवा. शाफ्ट जड लागेल. वायरी सोडल्या की पुन्हा हलका.

याच विरोधामुळे इंटरनेटवरच्या त्या व्हिडिओंचा निकाल लागतो, ज्यांत मोटर जनित्राला फिरवते, जनित्र मोटरला वीज देतं आणि वर बल्बही लागतो. जनित्रातून जेवढी वीज घ्याल तेवढं ते जड होतं. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के आणि जनित्राचीही ८५ धरली तरी एका फेरीत ७२ टक्केच हातात येतात. त्या व्हिडिओत टेबलाच्या पायातून एक वायर गेलेली असते, ती शोधा. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी फोन पुढे करून "असं मशीन बनवून द्या" म्हणतं, आणि माझं उत्तर ऐकून नाराज होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. शेतावरच्या पंपाची थ्री फेज मोटर घ्या. रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, बाहेरून वायर जोडलेलीच नसते. स्टेटरमध्ये तीन वाइंडिंग (कॉईलचे गट) वेगवेगळ्या कोनांवर बसवलेल्या असतात आणि तीन फेजचे करंट एकामागून एक वर येतात, त्यामुळे क्षेत्र एका जागी न राहता गोल फिरतं. चार पोलच्या (चुंबकाची चार टोकं तयार होणाऱ्या) मोटरमध्ये ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेरे. हे फिरतं क्षेत्र रोटरमधल्या ॲल्युमिनियमच्या कांड्यांना छेदत जातं. क्षेत्र बदललं, म्हणून कांड्यांत वीज तयार झाली. वीज वाहिली, म्हणून क्षेत्राचा तिच्यावर जोर बसला. विरोध करायचा म्हणजे क्षेत्र आपल्याला छेदू नये असं पाहायचं, आणि त्याचा एकच मार्ग आहे: क्षेत्राच्या मागे पळणं. रोटर पळायला लागतो. बघा, फॅरडे आणि अँपिअर एकाच नगात कामाला लागले.

रोटर १५०० गाठू शकत नाही. गाठलं तर क्षेत्र त्याला छेदणारच नाही, वीज संपेल, जोर संपेल. म्हणून नेमप्लेटवर १४४० लिहिलेलं असतं. या ६० फेऱ्यांच्या फरकावरच मोटरचं पोट चालतं. आता पंप जाम झाला. रोटर उभा, क्षेत्र मात्र १५०० नेच फिरतंय. कांड्यांना ते ६० ऐवजी १५०० च्या वेगाने छेदतं, म्हणजे २५ पट. रोटरमध्ये करंटचा पूर येतो आणि तो पेलायला स्टेटर लाइनमधून पाच-सातपट करंट ओढतो. तीन एचपीची मोटर एरवी ५ अँपिअर घेत असेल तर आता ३० च्या आसपास. करंट ६ पट झाला की तारेतली उष्णता ३६ पट. स्टार्टरने वेळेत सोडलं नाही तर मिनिटभरात एनॅमल गेलंच. व्होल्टेज पडल्यावर हेच जरा सावकाश होतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, ४०० चे ३२० झाले की जोर ६४ टक्क्यांवर. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून रोटर आणखी मागे पडतो, फरक वाढतो, करंट वाढतो. रात्री-अपरात्री लाइट येते, सगळ्या शिवाराचे पंप ऑटो स्टार्टरवर एकदम उठतात, व्होल्टेज कोसळतं, आणि सकाळी आमच्या दारात मोटरींची रांग लागते.

हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, मग वीज आणि चुंबकत्व या दोन गोष्टी की एकच? एकच. तारेत इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात माहीत आहे? घरातल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून ५ अँपिअर डीसी गेली तर मिनिटाला जेमतेम दीड सेंटिमीटर. गोगलगाय त्यांच्या पुढे जाईल. तरी चुंबकत्व तयार होतं, कारण त्यांची संख्या अफाट आहे. एका घन सेंटिमीटर तांब्यात ८५ वर एकवीस शून्यं ठेवा, इतके मोकळे इलेक्ट्रॉन असतात. एरवी धन आणि ऋण भार एकमेकांना बरोबर तोलून धरतात. इलेक्ट्रॉन सरकू लागले की त्या तोलात अतिसूक्ष्म फरक पडतो, आणि तो फरकच आपल्याला चुंबकीय जोर म्हणून जाणवतो. आइनस्टाइन यांच्या १९०५ च्या सापेक्षतेच्या लेखाची सुरुवात याच गोष्टीने होते: चुंबक हलवला आणि कॉईल स्थिर ठेवली, किंवा कॉईल हलवली आणि चुंबक स्थिर ठेवला, वीज तेवढीच मिळते, मग सिद्धांतात त्याची दोन वेगवेगळी स्पष्टीकरणं कशाला? त्याआधी १८६० च्या दशकात मॅक्सवेल यांनी दोन्ही एकाच गणितात बांधलं होतं. बदलतं विद्युत क्षेत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतं, ते बदललं की पुन्हा विद्युत क्षेत्र, आणि अशी एकमेकांना जन्म देत जाणारी लाट पुढे सरकते. तिचा वेग त्यांनी काढला तेव्हा तो प्रकाशाचाच निघाला, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. पण ते प्रकरण मोठं आहे. ज्याला खोलात जायचं त्याने जरूर जावं, मोटर भरायला त्याची गरज पडत नाही.

तुमचा काठीवाला पंखा राहिला. घरात थ्री फेज नसते, एकच फेज. एका वाइंडिंगने क्षेत्र गोल फिरत नाही, एकाच रेषेत वाढतं, कमी होतं, उलटतं. अशा क्षेत्राचे मनातल्या मनात दोन भाग करता येतात: एक उजवीकडे फिरणारं, एक डावीकडे, दोन्ही सारख्या जोराचे. उभ्या रोटरला दोघंही सारखंच ओढतात, म्हणून तो घूं करत जागेवर थरथरतो. काठीने एका बाजूला ढकललात की त्या बाजूचं क्षेत्र वरचढ होतं आणि पंखा धरतो. उलट्या बाजूला ढकलून पाहा, उलटाही फिरेल. ही काठी मारायची वेळ येऊ नये म्हणूनच पंख्यात दुसरी वाइंडिंग असते आणि तिच्या मालिकेत कंडेन्सर. कंडेन्सर त्या वाइंडिंगचा करंट वेळेत पुढे सरकवतो, दोन करंट मागेपुढे झाले की क्षेत्र फिरायला लागतं. सिलिंग फॅनला बहुतेक वेळा २.५ मायक्रोफॅरडचा असतो. तो आधी बदलून पाहा. तरीही घूं आवाज राहिला तर स्टार्टिंग वाइंडिंगची, म्हणजे या दुसऱ्या वाइंडिंगची कंटिन्युटी (तार कुठे तुटली नाही ना) बघा, आणि तोवर पंखा खाली उतरवू नका.

थ्री फेज मोटरची एक फेज गेली तरी हेच होतं. उभी असेल तर घूं करते. चालू असताना फेज गेली तर थांबत नाही, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढत फिरत राहते आणि जळते. अशी मोटर उघडली की कारण आतच लिहिलेलं असतं. स्टार जोडणी (तिन्ही फेजच्या वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र) असेल तर दोन फेजच्या कॉईल काळ्या आणि तिसरीच्या स्वच्छ. डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेल्या) असेल तर एका फेजच्या काळ्या आणि दोन फेजच्या जवळपास नव्यासारख्या. सगळ्याच सारख्या काळ्या दिसल्या तर जाम, ओव्हरलोड किंवा व्होल्टेज. एकाच कॉईलवर एका जागी ठिपका जळालेला असेल तर तार तारेला घासली आहे, मागच्या वेळची बांधणी तपासा. जुनी वाइंडिंग कापून काढण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा आणि स्टार्टर, फ्यूज, डीपीकडून येणाऱ्या तिन्ही फेज तपासायला गिऱ्हाइकाला सांगा, नाहीतर तुम्ही भरून दिलेली मोटर आठवड्यात त्याच दोन फेज काळ्या करून परत येईल.